संसारात देव पाहिलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी

आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पूर्णत्वास जात असता ही स्मरणिका वाचकांच्या हाती देताना मनाला समाधान वाटते. स्मरणिकेत मंदिराचा वृत्तांत येईल, देणगीदारांची नावे येतील, हिशेबही येईल. परंतु मंदिर ज्याच्यासाठी बांधायचे तो देव कुठे भेटतो, या प्रश्नाचा विचारही एखाद्या पानावर व्हावा, असे वाटले. असा विचार करू लागले म्हणजे दूरच्या ग्रंथांकडे जाण्याची गरज पडत नाही. आपल्या शिवेला लागूनच, जळगावच्या एका वाड्यात आणि भोवतालच्या काळ्या शेतांत, एक बाई एकाहत्तर वर्षे जगून गेली. तिला अक्षर लिहिता येत नव्हते. तिने संन्यास घेतला नाही, मठ काढला नाही, शिष्य केले नाहीत. तिने दळण दळले, भाकरी थापल्या, निंदणी केली, मुले वाढवली, आणि त्या सगळ्या कामांत तिला देव दिसत गेला. ती बाई म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. बहिणाबाई या नावाच्या दोन थोर स्त्रिया महाराष्ट्रात होऊन गेल्या. एक संत बहिणाबाई, तुकाराम महाराजांच्या शिष्या. त्या सतराव्या शतकातल्या, आणि त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊर येथे आहे. दुसऱ्या आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. पुष्कळांचा यात घोटाळा होतो. हे चरित्र दुसऱ्या बहिणाबाईंचे आहे.

जन्म आणि माहेर

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोदे या गावी १८८० साली नागपंचमीच्या दिवशी झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन, आईचे भीमाई. घर शेतकऱ्याचे. घमा, गना आणि घना असे तीन भाऊ, आणि अहिल्या, सीता व तुळसा अशा तीन बहिणी. माणसांनी आणि गुराढोरांनी भरलेले घर होते. मुलींना शाळेत घालण्याची चाल त्या काळी खेड्यात नव्हती. तेव्हा बहिणाबाईंच्या हाती पाटी आली नाही ती नाहीच. मात्र कानांना शाळा होती. पहाटे जात्यावरच्या ओव्या, आखाजीला झोक्यावरची गाणी, भुलाबाईची गाणी, देवळातले भजन, कीर्तन आणि पोथी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या म्हणी. खानदेशातल्या लेकीबाळींचे शिक्षण ते हेच. इतर मुलींनी ते ऐकले आणि पुढे आपल्या लेकींना दिले. बहिणाबाईंनी ते ऐकले आणि त्यात आपली भर घातली.

माहेराचे प्रेम त्यांच्या मनातून कधी गेले नाही. पुढे सासरी राहून त्यांनी जी गाणी केली त्यांत असोद्याच्या वाटेची, तिथल्या माणसांची, भाऊबीजेची आठवण पुन्हा पुन्हा येते. सासुरवाशिणीला माहेरच्या वाटेवर पायाला चटके बसले तरी ते जाणवत नाहीत, ही गोष्ट आपल्या आयाबहिणींना सांगायला नको.

सासर

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौधरी हे जळगावातले मोठे एकत्र कुटुंब. वाडा मोठा, शेती मोठी, आणि म्हणून कामही मोठे. तेरा वर्षांची पोर त्या घरात सून म्हणून आली आणि हळूहळू त्या घराची झाली. ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे व काशी ही मुलगी अशी तीन अपत्ये त्यांना झाली.

त्या काळच्या खानदेशी शेतकरणीचा दिवस कसा जाई हे आजच्या तरुण मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. तांबडे फुटायच्या आधी उठायचे आणि जात्यावर बसायचे. घरात खाणारी तोंडे जितकी, तितके दळण मोठे. ते उरकले की चूल पेटवायची. पावसाळ्यात काटक्या आणि गोवऱ्या ओल्या असत. फुंकून फुंकून डोळे लाल होत आणि घरभर धूर कोंडे, पण चूल पेटायला तयार नसे. मग भाकरी, कालवण, गोठ्यातले शेण, विहिरीचे पाणी. शेतावर न्याहारी न्यायची आणि तिथेच निंदणीला किंवा वेचणीला वाकायचे. दिवस मावळता घरी यायचे, पुन्हा चूल, पुन्हा भाकरी, मुलांची निजानीज. यात देवाची पूजा करायला वेगळा वेळ कुठला? पोथी वाचायला अक्षर नाही, तीर्थाला जायला सवड नाही, अनुष्ठानाला फुरसत नाही. तेव्हा अशा बाईने देवाला भेटायचे तरी कुठे?

बहिणाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर वाद घालून दिले नाही. त्या कामाला लागल्या, आणि काम करता करता गाऊ लागल्या. जाते फिरत असता त्यांना जात्यावर गाणे सुचले. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्यांनी घरोटावर गाणे केले. चूल पेटत नाही म्हणून तिच्याशी बोलत बोलत गाणे केले. तव्यावर भाकरी टाकताना हाताला बसणारा चटका आणि मग मिळणारी भाकरी, यात त्यांना साऱ्या संसाराचे मर्म सापडले. ते गाणे आज महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत आहे.

घाला

परंतु बहिणाबाईंचे आयुष्य केवळ गोड गाण्यांचे होते असे कोणी समजू नये. त्यांच्यावर जे घाले पडले ते ऐकले म्हणजे मन सुन्न होते. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने साऱ्या मुलखात धुमाकूळ घातला. त्या साथीने गावेच्या गावे माळावर झोपड्यांत राहायला जात. बहिणाबाईंचे थोरले चिरंजीव ओंकार यांना प्लेग झाला. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. आणि बहिणाबाई अवघ्या तीस वर्षांच्या असताना त्यांचे पती नथुजी वारले. धाकटे सोपानदेव १९०७ सालचे, म्हणजे तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे पोर.

तिसाव्या वर्षी कपाळ मोकळे झाले. एक मुलगा अपंग, एक कडेवरचा, एक लेक. त्या काळात विधवेची स्थिती काय होती हे जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. शुभ कार्यात तिने पुढे यायचे नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही, सकाळी वाटेत ती समोर आली तर लोक अपशकुन मानत. देवाच्या नावावर चाललेल्या कार्यातसुद्धा तिने मागे उभे राहायचे. ज्या देवाने कुंकू नेले त्याच्यापुढे हात जोडायचे तरी कसे, असे कोणाच्या मनात आले तर त्याला दोष देता येणार नाही.

बहिणाबाई रडल्या. त्यांच्या गाण्यांत ते रडणे आहे, आणि त्यांनी ते लपवलेले नाही. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या नाहीत. एक, त्या दैवाला शरण जाऊन बसल्या नाहीत. हात पाहून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला त्यांनी आपल्या गाण्यात दारातूनच परत पाठवले आहे. तळहातावरच्या रेषा खऱ्या असत्या तर हा प्रसंग आलाच नसता, अशी त्यांची सरळ शेतकरी बुद्धी. दुसरे, त्यांनी देवाचा हात सोडला नाही. दु:खाचा उमाळा ओसरल्यावर त्यांनी स्वत:च्या जिवाला समजावले, पोरांकडे पाहिले, पदर खोचला आणि पुन्हा कामाला लागल्या. पतिनिधनानंतर त्या सुमारे चाळीस वर्षे जगल्या. त्यांचे गाणे आटले नाही. दु:खाने त्याला अधिक खोली आली.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे. सुखात देव दिसणे सोपे आहे. पीक चांगले आले, मुलाला नोकरी लागली, लेकीचे लग्न ठरले, की आपण सगळेच नारळ घेऊन देवळात जातो. पण घर बसले असता, चूल धुमसत असता, ढेकळे तुडवताना देव दिसणे ही खरी कसोटी. बहिणाबाई या कसोटीला उतरल्या, म्हणून त्यांचे चरित्र मंदिराच्या स्मरणिकेत शोभते.

शेतातला देव

बहिणाबाईंच्या गाण्यांतून शेतीचे सगळे वर्ष फिरते. पावसाची वाट पाहणे, पेरणी, कोवळी रोपे, पोळा, कापणी, मळणी, उपणणी. एकही काम त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आणि प्रत्येक कामात त्यांना काहीतरी अधिक दिसले.

पेरणीचेच पाहा. काळ्या भुईत बी टाकले की ते दिसेनासे होते. वरून पाहणाऱ्याला वाटते, संपले. चारआठ दिवसांनी ढेकूळ उचलून हिरवा कोंभ वर येतो. आपण शेतकरी हे जन्मभर पाहतो आणि त्यात नवल वाटून घेत नाही. बहिणाबाईंना दर वर्षी नवल वाटे. ज्याची गीता-भागवतात थोरवी सांगितली, तोच पाऊस होऊन येतो आणि मातीतून उगवतो, असा त्यांचा भाव होता. पोथी वाचता येत नव्हती, पण पोथीतला देव त्यांना बांधावर भेटत होता.

मोटेचेही तसेच. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेने काढीत. बैल धावेवरून उताराने चालत, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे आणि चामड्याची मोट भरून वर येई. एका विहिरीवर दोन दोन मोटा चालत. हे रोजचे दृश्य. बहिणाबाईंना त्यात असे दिसले की मोटा दोन असल्या, बैल वेगळे असले, तरी तळाशी पाणी एकच आहे. वेदान्ती पंडित जी गोष्ट सांगायला मोठमोठे शब्द वापरतात, ती या बाईने विहिरीच्या काठावर उभे राहून सांगितली, आणि मोट हाकणाऱ्या गड्यालाही ती कळली.

उपणणीच्या वेळी तिवईवर उभे राहून सुपातून धान्य सोडायचे असते. वारा असला तर भुसा उडतो आणि दाणे खाली पडतात. वारा नसला की माणूस ताटकळत उभा. बहिणाबाईंनी त्या वाऱ्याला घरच्या माणसासारखी हाक मारली. बाभळीवर लोंबणाऱ्या सुगरणीच्या खोप्यापाशी त्या थांबल्या, आणि एवढ्याशा चोचीने विणलेले ते घर पाहून माणसाला दोन हात आणि दहा बोटे असल्याची आठवण करून दिली. मनाचे वर्णन करताना त्यांना उभ्या पिकात शिरणारे ओढाळ ढोर आठवले. कितीही हाकला, ते फिरून पिकावर येते. ज्याने कधी जागल केली आहे त्याला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही.

त्यांच्या एका गाण्यात योगी आणि सासुरवाशीण यांचा संवाद आहे. घरदार सोडलेला योगी माहेराची गाणी गाणाऱ्या सासुरवाशिणीला प्रश्न विचारतो. तिने दिलेल्या उत्तरापुढे त्याचे काही चालत नाही. ज्या देवाला शोधायला तो घर सोडून निघाला, तो त्या बाईला आपल्या माहेराच्या मायेत सापडलेला आहे. संसार सोडून देव मिळतो की संसारात मिळतो, या जुन्या वादाचा निकाल तिथे लागतो.

यावरून कोणी असे समजू नये की बहिणाबाई देवळाच्या विरुद्ध होत्या. मुळीच नाही. विठ्ठलमंदिरावर त्यांचे गाणे आहे. सणवार, व्रते, गुढी उभारणे हे सर्व त्यांनी मनापासून केले. त्यांचा राग होता तो माणसाच्या मतलबीपणावर. जनावर चारा खाते आणि दूध देते, कुत्रा भाकरीला जागतो. माणूस मात्र खाऊन उलटतो. असा माणूस देवळात कितीही वेळा गेला तरी त्याने काय होणार, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले.

जुनी वाट

बहिणाबाई ज्या वाटेने गेल्या ती महाराष्ट्राला नवी नव्हती. अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातच विठोबा भेटला. गोरोबाकाका मडकी घडवता घडवता नामात रंगले. जनाबाईंना दळताना, शेणी वेचताना देव हात लावायला येई, अशी त्यांची श्रद्धा. आपल्या खानदेशाला तर मुक्ताईचा सहवास लाभला. वारकरी पंथाची मोठी शिकवण हीच, की आपले काम सोडू नका, त्या कामातच देवाला बोलवा. इतर धर्मांतही असे लोक झाले. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक स्वयंपाकघरात राबत असे. भांडी खळखळत असता आणि चार माणसे चार गोष्टी मागत असता देव जितका जवळ वाटतो तितकाच तो प्रार्थनेच्या वेळी वाटतो, असा त्याचा अनुभव होता. कुठे पॅरिस आणि कुठे जळगाव! पण चूल आणि भाकरी सगळीकडे सारखी, आणि त्यात वसणारा देवही सारखाच.

मात्र संतांना शिष्य होते, अभंग लिहून घेणारे होते, फडावर ते गाणारे होते. बहिणाबाईंना यातले काही नव्हते. त्या गात, आणि गाणे वाऱ्यावर जाई. किती गाणी अशी गेली याचा हिशेब आता कोण देणार?

वहीतले सोने

जी वाचली ती दोघांमुळे. सोपानदेव मोठे झाले, शिकले आणि स्वत: नामवंत कवी झाले. ते आणि नात्यातले पितांबर चौधरी हे दोघे बहिणाबाईंच्या तोंडची गाणी जमेल तशी उतरून ठेवीत. एक आठवण सांगतात. सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईने ती ऐकून घेतली आणि सकाळपर्यंत त्या गोष्टीचे गाणे तयार झाले. असे गाणे जन्माला येई. शाई नाही, कागद नाही, खाडाखोड नाही.

बहिणाबाईंचे एक गाणे छापखान्यावरही आहे. जळगावातल्या छापखान्यात कागदावर अक्षरे उमटताना पाहून या निरक्षर बाईला मोठे कौतुक वाटले होते. पण आपली गाणी कधी त्या यंत्रात शिरतील, हे त्यांच्या मनातही आले नसेल. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांचे देहावसान झाले. तोपर्यंत त्या चौधरी वाड्यातल्या एक वृद्ध बाई, कवी सोपानदेवांच्या आई, एवढीच त्यांची ओळख होती.

आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे म्हणजे मराठी साहित्यातला मोठा पारखी माणूस. थोड्याच ओळी ऐकून त्यांना कळून चुकले की हे अस्सल सोने आहे आणि ते झाकून ठेवणे हा अपराध होईल. त्यांनी आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गाणाऱ्या माउलीने ते पाहिले नाही. पण महाराष्ट्राने पाहिले. जी बोली शहरात गावंढळ म्हणून हसण्यावारी जाई, ती आपली खानदेशी लेवा बोली पुण्यामुंबईच्या विद्वानांनी मान खाली घालून वाचली. १९६१ सालच्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली आणि ती रेडिओवरून खेडोपाडी पोचली. पुढे शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या कविता आल्या. १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिला शाळेची पायरी चढता आली नाही तिच्या नावाच्या पदव्या आज आपली मुलेमुली घरी आणतात. सोपानदेव १९८२ साली वारले. मातेची ठेव त्यांनी राखली नसती तर आज आपण किती दरिद्री राहिलो असतो!

आपले मंदिर

असो. आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. मेहरूण हे बहिणाबाईंचे माहेर नव्हे आणि सासरही नव्हे. पण त्यांच्या पायाखालची माती आणि आपल्या पायाखालची माती एक आहे. त्यांच्या शेतावर पडणारा पाऊस आपल्या तलावात भरला आहे. मेहरूणची बोरे ज्या उन्हात पिकून गोड होतात, त्याच उन्हात त्यांनी निंदणी केली. आज गाव जळगाव शहरात सामावले आहे. शेतांच्या जागी घरे आली, मोटा जाऊन पंप आले, जात्याच्या जागी गिरणी आली आणि चुलीच्या जागी गॅस आला. तरीही पहाटे उठून डबे भरणारी माउली आहेच. कारखान्यातून रात्रपाळी करून येणारा मुलगा आहे. भाजीची पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई आहे. कामे बदलली, कष्ट बदलले नाहीत. आणि देवही बदललेला नाही.

मग कोणी विचारील, देव जर चुलीपाशी आणि शेतात भेटतो, तर एवढा खर्च करून मंदिर कशासाठी? प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आपण सगळेच बहिणाबाई नाही. आपले मन ओढाळ आहे, ते दिवसभर विसरते. संध्याकाळी घंटेचा आवाज कानी आला की क्षणभर हात थांबतात आणि आठवण होते. मंदिर हे त्या आठवणीचे घर आहे. तिथे जे पाहायला शिकायचे ते घरी नेऊन पाहायचे. देवळात देवापुढे जोडलेले हात घरी म्हाताऱ्या आईच्या पायाला लागले नाहीत, बाजारात तराजू धरताना थरथरले नाहीत, बांधावरून भावाशी भांडताना आवरले नाहीत, तर कळसाला सोने लावूनही जीर्णोद्धार अपुराच राहिला असे समजावे.

या कार्याला कुणी मोठी रक्कम दिली, कुणी जमेल तशी अल्प देणगी दिली, कुणी दोन दिवस येऊन विटा वाहिल्या, कुणी काम करणाऱ्यांना भाकरी करून वाढल्या. मोठ्या देणग्यांची नावे पाटीवर कोरली जातील आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यावाचून काम उभे राहिले नसते. पण भाकरी थापणाऱ्या हातांची नावे पाटीवर येत नाहीत. बहिणाबाईंचे नावही त्यांच्या हयातीत कोणत्या पाटीवर आले नव्हते. तेव्हा दर्शनाला येताना त्या न कोरलेल्या नावांनाही एक नमस्कार करावा.

आणखी एक विनंती नम्रपणे करावीशी वाटते. कलशारोहणाच्या दिवशी गावातल्या सुवासिनी आरतीला पुढे येतील. त्या वेळी ज्यांचे कपाळ मोकळे आहे अशा आपल्या आयाबहिणी मागे भिंतीशी उभ्या राहू नयेत. त्यांनाही हाताला धरून पुढे आणावे आणि आरतीचे तबक त्यांच्या हाती द्यावे. तिसाव्या वर्षी कुंकू पुसलेल्या एका बाईच्या नावाचे आज विद्यापीठ आहे. तिच्या लेकींना आपल्या मंदिरात मागची जागा देणे आपल्याला शोभणार नाही. देवाला तर ते कधीच पटले नसेल.

चुलीत, शेतात, घामात आणि अश्रूंतही ज्याला बहिणाबाईंनी ओळखले, तो आपल्या सर्वांच्या घरी नांदो, आणि त्याला ओळखण्याची दृष्टी आपल्या मुलाबाळांना मिळो, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून हे अल्प चरित्र येथे पुरे करतो.